सुकाचे मार्क

लूमच्या कारखान्यात सकाळी रुई झाडली की संध्याकाळी तेवढीच परत जमते. कुणी आणून टाकत नाही, कुठून येते ते दिसत नाही, पण यंत्राखाली, केसांत, भुवयांवर बसलेली असते. सुकाच्या गोष्टींचं तसंच आहे. तो गेल्यापासून सुरतेत गोडादऱ्यातल्या आमच्या खोलीत माणसं भेटायला येतात. आधी बाया रडतात, मग कुणीतरी चहा मागतो, मग कुणीतरी म्हणतो, "भटू, ती मार्कांची गोष्ट सांग ना." मी सांगतो. लोक हसतात. मीही हसतो. मग एखादा जरा जास्त हसला की मला त्याचं थोबाड फोडावंसं वाटतं. परवा आत्याच्या जावयाला मी दंडाला धरून बाहेर काढलं, कारण मी बोलत असताना तो सारखा दात दाखवत होता. नंतर कळलं, त्याचे दातच तसे आहेत.

म्हणून सगळ्या एकदाच लिहून टाकतो. वाचून ज्याला हसायचं त्यानं हसावं. मी तिथे नसेन.

सुका, म्हणजे सुकलाल, माझा मोठा भाऊ. वयानं मोठा, पण डोकं पाच-सहा वर्षांच्या पोराएवढं राहिलं. त्याच्या शर्टाची बटणं मी लावायचो. धुळ्याकडून आम्ही पोरवयातच सुरतेला आलो तेव्हा शेठ म्हणाला, दोघांनाही कामावर घेतो. मी लूमवर, म्हणजे कापडाच्या मागावर, सुका कांड्या भरायला. बॉबिनवर धागा गुंडाळायचा, एवढंच काम. ते त्याला इतकं चांगलं जमायचं की जेवायला उठवावं लागायचं.

आता कारखान्याची एक रीत सांगतो, नाहीतर पुढचं काही कळणार नाही. लूम चालू असताना कानात काही शिरत नाही. समोर मास्तरचं, म्हणजे लूम बघणाऱ्या मुकादमाचं, तोंड हलतं, शिव्या देतोय की पगारवाढ, समजत नाही. अशा वेळी सगळे एकच करतात. हात वर करायचा आणि मान हलवायची. म्हणजे, हो, कळलं, जा आता. मास्तर खूश होऊन पुढे जातो. सुका कारखान्यात वाढला, त्यामुळे त्याच्यासमोर कुणाचंही तोंड हललं की त्याचा हात वर.

* * *

कारखान्याला आग लागली ती सुकानं लावली. हे खोटं नाही. कामावरून काढलेल्या दोघांनी त्याला लोचोची प्लेट खाऊ घातली, हातात काडेपेटी दिली आणि म्हणाले, त्या ताक्यांच्या ढिगाला काडी लाव, दिवाळी होईल. त्यानं लावली. ग्रे, म्हणजे अजून न रंगवलेल्या, कापडाचे ताके ते, कापरासारखे पेटले. आतमध्ये झोपलेल्या वॉचमनचा हात भाजला.

ते दोघं पळाले. सुका पळाला नाही. तो दिवाळी बघत उभा राहिला.

पोलीस आले, गर्दी जमली, फौजदार ओरडला, "कोणी लावली आग?"

बंबाची घंटा वाजत होती, लोक बोंबलत होते, फौजदाराचं नुसतं तोंड हलत होतं. सुकानं हात वर केला.

पोलीस ठाण्यात चहा पिताना फौजदार मला म्हणाला, "इतना ईमानदार गुनहगार मैंने नौकरी में नहीं देखा."

* * *

कोर्टात आमचा वकील म्हणाला, पोरगा मंद आहे. सरकारी वकील म्हणाला, मंद असेल, पण वाईटही असेल. जज्जसाहेबांनी ते डॉक्टरांवर सोपवलं. कामरेजच्या बाजूला हायवेलगत एक नवा वॉर्ड निघाला होता, अशाच लोकांसाठी, जे मंद आहेत आणि ज्यांच्या हातून गुन्हा झालाय. तिथले डॉक्टर परदेशात शिकून आलेले. तरुण माणूस, अंगावर स्वच्छ शर्ट, मिशी नाही. माणूस मुळातच निर्दय आहे, की नुसता मंद आहे, हे ओळखायचे प्रश्न त्यांनी तिकडून आणले होते. नुसता मंद निघाला तर घरी. निर्दय निघाला तर तिथेच, सुधारेपर्यंत. दर सहा महिन्यांनी बैठक, आणि बैठकीत ठरणार, सुका घरी येणार की नाही. मायचं सगळं जगणं त्या बैठकीवर येऊन थांबलं.

डॉक्टर हिंदीत विचारायचे, आणि नागपूरकडच्या एक मॅडम होत्या, त्या मराठीत सांगायच्या. सुका बाकावर पाय हलवत बसलेला. मी दारात.

"तू खोटं बोलतोस का?"

हात वर.

"लोकांना फसवायला आवडतं?"

हात वर.

"दुसऱ्याच्या जिवावर जगतोस?"

हात वर, आणि दुसऱ्या हातानं माझ्याकडे बोट.

"लग्नं किती झाली?"

सुका लाजला. प्रत्येक लग्नात आम्ही त्याला नवे कपडे घालायचो, टिळा लावायचो, वरातीत पुढे नाचवायचो. त्याच्या हिशेबानं ती सगळी लग्नं त्याचीच. तो म्हणाला, "लई."

"आणि त्या बायका आता कुठे आहेत?"

"त्यांना घर," म्हणजे त्यांच्या घरी.

डॉक्टरांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला.

दुसऱ्या आठवड्यात गेटवरचा रमणभाई मला बघून ओरडला, "एय भटू, तारा भाईनो पहेलो नंबर आव्यो." सगळ्या वॉर्डात सुकाला सर्वांत जास्त मार्क. मी चौथीत दोनदा बसलेला माणूस. आमच्या घरात मार्क ही वस्तू कधी आलीच नव्हती. मायनं पिशवीतून गूळ काढला आणि गेटपासून खाटांपर्यंत वाटत गेली. मॅडमच्या हातावर ठेवला तेव्हा त्या म्हणाल्या, "मावशी, यात जास्त मार्क म्हणजे जास्त वाईट हो."

मायनं मॅडमच्या हातावरचा गूळ परत घेतला.

* * *

मग डॉक्टर म्हणाले, सुकाचं लहानपण तपासायचं आहे. आईला बोलवा.

आता आमच्याकडे कुठलीही आई परक्या माणसासमोर पोराला चांगलं म्हणत नाही. नजर लागते. गुटगुटीत असलं तर म्हणायचं, नुसता काटा आहे. गोरं असलं तर म्हणायचं, कोळसा मेला. आणि डॉक्टर तर जाड चष्म्यातून रोखून बघणार, म्हणजे नजर डबल. माय पदर सावरून सावध बसली.

"लहानपणी कसा होता?"

"भलता वांड. कोणाचं ऐके नही."

"मारामारी करायचा?"

"रोजनी."

"चोरी?"

"चोरटाच शे मेला."

"मुक्या जनावरांना त्रास द्यायचा?"

इथे माय जरा अडली. आमची बकरी सुकाच्या हातचा पाला असेल तरच खायची, दुसऱ्याच्या हाताला तोंड लावायची नाही. पण हे सांगितलं तर नजर लागणार ती सर्वांत मोठी. ती म्हणाली, "बकरीना तर जीव खाये."

डॉक्टरांचा पेन पळत होता. मी मध्ये बोलायला गेलो तर मॅडम म्हणाल्या, "आईंना बोलू द्या. आईपेक्षा जास्त कुणाला माहीत?"

बाहेर आल्यावर मायनं वॉर्डाच्या खिडकीकडे तोंड करून कानशिलावर बोटं मोडली. काड्काड् वाजली. ती समाधानानं म्हणाली, "बराबर सांगं ना मी? आते मना सुकाले काही नजर लागाव नही."

* * *

त्या दिवशी माझं डोकं फिरलं. मी परत आत गेलो आणि जेवणाचा डबा डॉक्टरांच्या टेबलावर आपटला. झाकण उडालं. वांग्याची भाजी, परदेशातून आणलेले प्रश्न, सगळं एक झालं. मी म्हणालो, "तुमचे प्रश्न मला विचारा. मला. बघू किती मार्क पडतात ते."

डॉक्टर घाबरले, पण माणूस नेमका. शर्टावरचा रस्सा पुसत त्यांनी विचारलं, "ऐसा अचानक गुस्सा आपको हमेशा आता है?"

"हमेशा."

"बाद में पछतावा होता है?"

"भाजीचा होतो."

त्यांनी सुकाच्या कागदावर लिहिलं, स्वभाव तापट, घराण्यात आहे. घराण्यात म्हणजे मी.

रमणभाईनं मला गेटपर्यंत सोडलं. वाटेत म्हणाला, "बोलना मत आगे से. एक खाट खाली पड़ी है, तेरे भाई के बगल में."

* * *

रमणभाईची स्वतःची गोष्ट आहे. मोठ्या मिशांचा, सुरती शिव्या देणारा माणूस. पहिल्या आठवड्यात तो सुकाला हाकलायचा. सुका मात्र रोज सकाळी त्याच्या स्टुलाखालचा कचरा झाडायचा, कारण कारखान्यात यंत्राखालचं झाडायचं असतं हे त्याला माहीत. मग रमणभाई त्याला बिडीच्या बंडलाचा कागद द्यायला लागला, सुकाला तो रंगीत कागद आवडायचा. मग दोघं स्टुलाशी बसून हसायला लागले. कशाला हसायचे, देव जाणे. हायवेवरून ट्रक गेला तरी हसायचे.

डॉक्टरांनी हे पाहिलं. त्यांच्या प्रश्नांत असंही होतं की असली माणसं वरवर गोड असतात, समोरच्याला भुरळ पाडून काम काढून घेतात. त्यांनी रमणभाईला बोलावून समजावलं की हा तुम्हाला जाळ्यात ओढतोय, याच्यापुढे हसू नका.

रमणभाईची नोकरी कच्ची. त्यानं हसणं बंद केलं. म्हणजे सुका समोर आला की तो भिंतीकडे तोंड करून बसायचा आणि त्याची पाठ हलायची. सुकाला हा नवा खेळ वाटला. तोही भिंतीकडे तोंड करून बसायला लागला.

मी भेटायला गेलो तर गेटवर दोन पाठी हलत होत्या.

* * *

पुढच्या बैठकीआधी पश्चात्ताप तपासायचा होता. डॉक्टरांनी जळालेल्या कारखान्याचा मोठा फोटो सुकापुढे ठेवला. काळ्या भिंती, वितळलेले लूम. त्याच्या चेहऱ्याकडे सगळे बघत होते.

सुकाचा चेहरा फुलला. कितीतरी महिन्यांनी ओळखीची जागा दिसली होती. "आपला कारखाना!" तो म्हणाला, आणि कांड्या भरायला तो जिथे बसायचा त्या कोपऱ्यावर बोट ठेवून त्यानं टाळ्या वाजवल्या.

डॉक्टरांनी लिहिलं, पश्चात्ताप नाही, उलट आनंद.

मग मॅडमनी त्याला पश्चात्ताप शिकवायला घेतला. मान खाली घालायची, हात जोडायचे, 'माझं चुकलं' म्हणायचं. सुकाला ते आवडलं. तो वॉर्डात सगळ्यांना माझं चुकलं म्हणायला लागला. आचाऱ्याला, नळाला, खिडकीवरच्या कावळ्याला. मला बघितल्यावर त्यानं आधी हात जोडले, मग मिठी मारली.

सहा महिन्यांनी बैठक झाली. डॉक्टर म्हणाले, प्रगती चांगली आहे, पण पश्चात्ताप पाठ केलेला वाटतो.

मी विचारलं, "शिकवला कुणी?"

मॅडम मान खाली घालून हळूच म्हणाल्या, "माझं चुकलं." हात मात्र त्यांनी जोडले नाहीत.

सुका राहिला तिथेच.

* * *

मॅडम मनानं वाईट नव्हत्या. सगळ्यांत आधी त्यांच्याच ध्यानात आलं की हा प्रत्येकाला हो म्हणतो, म्हणूनच काडेपेटी घेतली. मी त्यांना कारखान्याची रीत सांगितली. त्या म्हणाल्या, "मग याचा उपचार एकच. याला 'नाही' म्हणता आलं पाहिजे."

रोज सकाळी शिकवणी. समोरच्या खाटेवरचा बबन नावाचा माणूस, सायकलींच्या घंट्या चोरून आलेला, तो काडेपेटी घेऊन यायचा. "घे रे सुका, लाव काडी." सुकाचा हात वर जायचा. मॅडम तो हात धरून खाली आणायच्या. "नाही म्हण." म्हटलं की पेपरमिंटची गोळी.

बरेच दिवस गेले. एक दिवस बबन आला, "घे रे काडेपेटी," आणि सुका छाती काढून म्हणाला, "नाही."

मॅडमच्या डोळ्यांत पाणी आलं. डॉक्टरांनी स्वतः हात मिळवला. बबनला वाटलं आपलं काम संपलं, आता आपल्यालाही घरी सोडतील. तो कपडे बांधून गेटवर जाऊन बसला.

सुका मग सगळ्यालाच नाही म्हणायला लागला. आंघोळ? नाही. औषध? नाही. मराठी येतं का? नाही. प्रत्येक नाहीला तो मॅडमकडे बघायचा आणि हात पुढे करायचा. रमणभाई म्हणाला, "पहले ये नौकर था, अब शेठ हो गया."

* * *

त्यानंतरची बैठक चांगली होणार हे सगळ्यांना माहीत होतं. मॅडमनी आधीच सांगितलं होतं, या वेळी सोडतील. मायनं गोडादऱ्याच्या बाजारातून नवा शर्ट घेतला. निळा. त्याला बटणं लावता येत नाहीत म्हणून तिनं बटणं काढून दाबायचे चाप शिवले. शर्ट मांडीवर घेऊन ती बैठकीच्या खोलीत बसली.

डॉक्टरांनी सगळे प्रश्न विचारले. लोकांना फसवतोस? नाही. कुणी काडेपेटी दिली तर घेशील? नाही. मार्क एवढे खाली आले की डॉक्टर हसले. आम्ही त्यांना हसताना पहिल्यांदा बघत होतो. मग त्यांनी पेन बंद करून, अगदी प्रेमानं, शेवटचं विचारलं. मॅडमनी तेवढ्याच प्रेमानं मराठीत सांगितलं.

"सुका, घरी जायचं आईबरोबर?"

"नाही," सुका म्हणाला. आणि मॅडमकडे बघून हात पुढे केला.

मी ओरडलो, गोळी मागतोय तो, त्याला गोळी द्या आणि परत विचारा. मॅडमही डॉक्टरांना तेच इंग्रजीत सांगत होत्या, असं मला वाटलं. डॉक्टरांनी पेन परत उघडला. मग म्हणाले की हा त्याचा आयुष्यातला पहिला स्वतःचा निर्णय आहे, त्याचा मान ठेवला पाहिजे. पुढच्या बैठकीत परत विचारू.

मायनं शर्टाची घडी घातली. बसमध्ये कामरेजपासून गोडादऱ्यापर्यंत ती एकच विचारत होती, मला नाही, खिडकीला. "त्याले घर येवानं नव्हतं का?"

मी तिला समजावलं, गोळीचं सांगितलं, शिकवणीचं सांगितलं. तिनं ऐकून घेतलं आणि परत विचारलं.

* * *

पुढची बैठक आलीच नाही. पावसाळ्यात वॉर्डात पाण्यामुळे कावीळ पसरली. बबन बरा झाला. सुका नाही झाला. डॉक्टर स्वतःच्या गाडीत घालून त्याला सिव्हिलला घेऊन गेले, मागच्या सीटवर त्याचं डोकं रमणभाईच्या मांडीवर. मला निरोप मिळाला तेव्हा मी नव्या कारखान्यात लूमवर होतो. मास्तर समोर उभा राहून काहीतरी सांगत होता. मी हात वर केला, मान हलवली. त्यानं मला ओढत बाहेर नेलं आणि मोकळ्यावर परत सांगितलं.

* * *

गंधमुक्तीला, म्हणजे सुतक संपल्याच्या जेवणाला, डॉक्टर आले. मॅडम आणि रमणभाईही आले, पण डॉक्टर येतील असं कुणाला वाटलं नव्हतं. बूट दाराबाहेर काढून ते पंगतीत भिंतीला टेकून बसले. वरण-बट्टी त्यांना कशी खातात माहीत नव्हतं, रमणभाईनं कुस्करून दिली.

आमच्या खोलीच्या भिंतीला लागूनच एक कारखाना आहे. जेवणाची सुट्टी होती म्हणून शांत होतं. मी वरणाची बादली घेऊन वाढत होतो. डॉक्टरांसमोर आलो आणि माझं परत डोकं फिरलं. बादली खाली ठेवली आणि विचारलं, "डॉक्टर, तुम्ही खोटं बोलता का?"

त्याच क्षणी सुट्टी संपली. पलीकडचे सगळे लूम एकदम सुरू झाले. ताटं थरथरायला लागली. डॉक्टर माझ्या तोंडाकडे बघत होते.

"लोकांना फसवता का?"

त्यांनी कानाला हात लावला, ऐकू येत नाही अशी खूण केली. मी थांबलो नाही.

"कुणाचं वाटोळं केल्यावर वाईट वाटतं का?"

डॉक्टरांनी हात वर केला आणि मान हलवली.

ओळीत बसलेले सगळे कारखान्याचे लोक. सगळ्यांनी तो हात बघितला. कुणी हसलं नाही. आत्याचा जावईसुद्धा नाही, म्हणजे त्याचे दात दिसत होते, पण तो हसत नव्हता.

माय आली. तिनं मला बाजूला केलं. डॉक्टरांसमोर उकिडवी बसली, आणि इतक्या गोंगाटात जसं कुणीच विचारणार नाही तसं, हळू, तोंड जवळ न नेता, तिनं विचारलं.

"साहेब, मना सुकाले घर येवानं व्हतं ना?"

अर्धं आयुष्य लूमच्या शेजारी काढलेली बाई. कारखान्यात वर केलेल्या हाताचा अर्थ काय असतो, हे तिला माझ्याआधी माहीत होतं.

डॉक्टर तिच्या तोंडाकडे बघत राहिले. मग त्यांनी हात वर केला.

मायनं त्यांच्या ताटात आणखी एक बट्टी वाढली, आणि त्यावर तूप घातलं.